कला शाखेत मुली किती आणि कोणत्या विषयात?

मुंबईच्या पूर्व उपनगरांत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात, दहावीचा निकाल लागला की घरोघरी विज्ञान, वाणिज्य आणि कला या तीन शाखांची तुलना सुरू होते आणि तिच्यात कला शाखा ही मुलींची शाखा आहे असे बहुतेक पालक न बोलता गृहीत धरतात. मुलाने कला शाखेचे नाव काढले तर ‘आर्ट्स घेऊन पुढे करणार काय?’ हा प्रश्न त्याला लगेच ऐकावा लागतो. मुलीने तेच नाव काढले तर ‘निदान ग्रॅज्युएशन तरी होऊ दे’ या वाक्यावर चर्चा संपते. या दोन वाक्यांतील अंतर हाच या लेखाचा विषय आहे. कला शाखेत मुली अधिक आहेत ही वस्तुस्थिती खरी असली, तरी कला शाखा ही एकजिनसी गोष्ट नाही. तिच्या आत भाषा, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल आणि तत्त्वज्ञान असे अनेक विषय आहेत आणि या विषयांत मुला-मुलींची वाटणी सारखी झालेली नाही. कोणत्या विषयाकडे कोण वळते हे ज्या कारणांनी ठरते, त्यांत आवडीचा वाटा समजला जातो त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. येथे कला शाखा म्हणजे बी.ए. आणि एम.ए. या पदव्यांकडे नेणारे मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांचे शिक्षण असा अर्थ घेतला आहे. चित्र, शिल्प, संगीत या ललित कलांच्या शिक्षणाचा विचार येथे केलेला नाही.

देशपातळीवरचे चित्र केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक अखिल भारतीय सर्वेक्षणातून मिळते. २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. ही संख्या निम्म्याहून थोडी कमी असली तरी लोकसंख्येशी ताडून पाहिल्यास मुली मागे नाहीत. १८ ते २३ या वयोगटातील दर शंभर व्यक्तींमागे उच्च शिक्षणात नाव नोंदवलेले विद्यार्थी किती, हे सांगणाऱ्या आकड्याला स्थूल नोंदणी प्रमाण म्हणतात. ते मुलींसाठी २८.५ आणि मुलांसाठी २८.३ इतके होते. मुलींच्या प्रमाणाला मुलांच्या प्रमाणाने भागले की लिंगसमता निर्देशांक मिळतो, तो १.०१ भरला, म्हणजे समतेची रेषा मुलींनी किंचित ओलांडली होती. पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांपैकी ३४.२ टक्के कला शाखेत होते, विज्ञानात १४.८, वाणिज्यात १३.३ आणि अभियांत्रिकी-तंत्रज्ञानात ११.८ टक्के. देशातील सर्वांत मोठी शाखा कला हीच आहे आणि तिच्यात मुलींचा वाटा निम्म्याहून अधिक आहे; अभियांत्रिकीत मात्र तो अजून एक-तृतीयांशापर्यंतही पोचलेला नाही. त्याच सर्वेक्षणात विज्ञान शाखेच्या सर्व स्तरांवर मिळून २९.८ लाख मुली आणि २७.४ लाख मुलगे होते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. मुलींना विज्ञान झेपत नाही म्हणून त्या कलेकडे जातात, हा जुना तर्क या एका आकड्याने निकालात निघतो.

या सर्वेक्षणाची एक मर्यादा विषयाच्या गाभ्याशी निगडित आहे. पदव्युत्तर स्तरावर इतिहास, अर्थशास्त्र, इंग्रजी असे विषय वेगळे मोजता येतात. पदवी स्तरावर मात्र बी.ए.चे बहुतेक विद्यार्थी ‘कला’ या एकाच शीर्षाखाली येतात. त्यामुळे ज्या टप्प्यावर सर्वाधिक विद्यार्थी विषय निवडतात, त्याच टप्प्यावर ती निवड आकड्यांत दिसेनाशी होते.

आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी लागते, कारण येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. एखाद्या विषयाच्या वर्गात शंभरांपैकी मुली किती, हा पहिला प्रश्न. आणि कला शाखेतील शंभर मुलींपैकी किती जणी तो विषय घेतात, हा दुसरा. समजा, एका महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गात ९० मुली आणि ६० मुलगे आहेत आणि अर्थशास्त्र घेणाऱ्यांत ३० मुली व ३० मुलगे आहेत. वर्गात पाहणाऱ्याला समता पूर्ण झालेली दिसेल. पण मुलांपैकी निम्म्यांनी आणि मुलींपैकी केवळ एक-तृतीयांश जणींनी हा विषय घेतलेला असेल. शाखेतच मुली जास्त असल्याने प्रत्येक वर्गात त्या पुरेशा दिसतात आणि विषयांच्या दाराशी झालेली निवड या गर्दीमागे लपून जाते. महाविद्यालये अभिमानाने देतात ते बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असते. समाजाला उपयोगी पडेल ते दुसऱ्याचे.

सर्वसाधारणपणे पाहता भाषा आणि साहित्य, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांकडे मुलींचा ओघ अधिक आहे, तर अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि इतिहास यांत मुलांचा वाटा तुलनेने वाढतो. याचा संबंध स्पर्धा परीक्षांशी आहे. केंद्रीय किंवा राज्य लोकसेवा आयोगाची तयारी करायची असे ठरवलेला विद्यार्थी पदवीसाठी इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतो, म्हणजे अभ्यास दुहेरी कामी येतो. आणि पदवीनंतर चार-पाच वर्षे बिनपगारी अभ्यासाची मुभा घरून मुलाला जितक्या सहज मिळते तितक्या सहज ती मुलीला मिळत नाही, कारण त्याच वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. विषय इतिहास असो वा राज्यशास्त्र, त्याचे आकर्षण त्याच्यापुढच्या वाटेवर अवलंबून असते आणि ती वाट दोघांना सारखी खुली नसते.

हे केवळ इथलेच दृश्य नाही. अमेरिकेत मानसशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास आहे, तर तत्त्वज्ञानात ते दीर्घकाळ एक-तृतीयांशाजवळ अडकून राहिले. ब्रिटनमध्ये अर्थशास्त्राच्या पदवी वर्गांत मुली साधारण एक-तृतीयांश असतात. या फरकाचे कारण शोधताना सारा-जेन लेस्ली, आंद्रेई सिम्पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेले संशोधन मोलाचे ठरते. एखाद्या विषयात यश मिळण्यासाठी उपजत असामान्य बुद्धी लागते असे त्या विषयातील अध्यापक-संशोधक जितके ठामपणे मानतात, तितके त्या विषयात स्त्रियांचे प्रमाण कमी असते, असे त्यांना आढळले. मानव्यविद्यांत तत्त्वज्ञान आणि सामाजिक शास्त्रांत अर्थशास्त्र ही याची ठळक उदाहरणे आहेत. मुलींची क्षमता कमी पडते असा याचा अर्थ होत नाही. असामान्य बुद्धी ही पुरुषांत असते असा समज समाजात आधीच रुजलेला असल्याने, जेथे अशा बुद्धीचा जप होतो तेथून मुलींना आपोआप परके वाटू लागते. ‘तुला गणित जमणार नाही, अर्थशास्त्राऐवजी मराठी घे’ हा सल्ला उपनगरातील कितीतरी शिक्षक सद्भावनेने देतात आणि त्या सद्भावनेतूनच विषयांची वाटणी वर्षानुवर्षे पक्की होत जाते.

विषय मुळातच पुरुषी किंवा बायकी असतात हा समज खोटा ठरवणारा सर्वांत मोठा पुरावा मुंबई विद्यापीठाच्या स्वतःच्या इतिहासात आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठातून १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे. आज ज्या पदवीकडे ‘मुलींची पदवी’ म्हणून पाहिले जाते, ती त्या काळी सरकारी नोकरी, वकिली, न्यायासन आणि सार्वजनिक नेतृत्व यांच्याकडे जाणारी पुरुषांची राजरस्त्याची पदवी होती आणि तिच्यात स्त्रियांना प्रवेशच नव्हता. इंग्रजी साहित्य, संस्कृत, इतिहास, तर्कशास्त्र हे सारे विषय पुरुषांचे मानले जात. मुंबई विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या त्या १८८३ मध्ये. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. परीक्षेत अव्वल येऊनही इंग्लंडमधील शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारली गेली. त्यानंतर त्यांनी अहमदाबादच्या गुजरात महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवले आणि पुढे ऑक्सफर्डला जाऊन कायद्याचा अभ्यास केला. साहित्याची पदवी त्यांना कायद्याकडे घेऊन गेली, ही गोष्ट आजही कला शाखेतील मुलींना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

पुढच्या काळात नव्या वाटा निघाल्या. १८८७ मध्ये माटुंग्याच्या आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्थेची मुळे रोवली गेली, १९१३ मध्ये सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभियांत्रिकी, व्यवस्थापन व संगणक यांची महाविद्यालये वाढत गेली. पैसा आणि प्रतिष्ठा जिकडे गेली तिकडे मुलगे गेले आणि त्यांनी मोकळ्या केलेल्या बाकांवर मुली आल्या. यात मुलींची प्रगती खचितच होती. पण ज्या जागेची बाजारातील किंमत उतरली ती जागा त्यांना मिळाली, हेही तितकेच खरे आहे. रानड्यांच्या काळातील बी.ए. आणि आजची बी.ए. यांतील अभ्यासविषय पुष्कळसे तेच आहेत. बदलली आहे ती त्यांना मिळणारी किंमत.

स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम असावा की पुरुषांसारखाच, हा वाद महाराष्ट्राने जितक्या गंभीरपणे केला तितका देशात क्वचितच कोठे झाला असेल. १९१५ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून धोंडो केशव कर्वे यांनी जपानमधील महिला विद्यापीठाच्या धर्तीवर भारतात महिला विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे आणि गृहशास्त्र, आरोग्य अशा विषयांना अभ्यासक्रमात स्थान असावे, हा त्यांचा आग्रह होता. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिल्यावर त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले, पुढे त्याचे मुख्य ठाणे मुंबईत आले आणि स्वातंत्र्यानंतर त्याला कायदेशीर मान्यता मिळाली. मुलींना गृहिणीपदाला साजेसे विषय देण्याने त्यांच्या क्षितिजाला कुंपण पडेल, हा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला आणि तो निराधार नव्हता. तरीही न्यायाने पाहिले तर मातृभाषेतून शिकण्याची सोय नसती तर ज्या मुली कोणत्याच महाविद्यालयाची पायरी चढल्या नसत्या, अशा हजारोंना या विद्यापीठाने पदवीपर्यंत नेले. आणि त्याच संस्थेत १९७४ मध्ये नीरा देसाई यांनी स्त्री-अभ्यासाचे देशातील पहिले संशोधन केंद्र उभे केले. स्त्रियांसाठी ‘योग्य’ विषय कोणते हे ठरवण्यासाठी निघालेल्या विद्यापीठातून, हे ठरवतो कोण, असा प्रश्न विचारणारे शास्त्र जन्माला आले, ही महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासातील मोठी घटना मानली पाहिजे.

समाजशास्त्राची कथाही याच धाग्याची आहे. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांनी हा विभाग सुरू केला आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या इरावती कर्वे १९२८ मध्ये घुर्यांच्या हाताखाली एम.ए. झाल्या, पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात समाजशास्त्र व मानवशास्त्राचे काम उभे केले. आज मुलींचे प्रमाण कमी मानल्या जाणाऱ्या तत्त्वज्ञानापासून त्यांची सुरुवात झाली होती आणि आज मुलींचा म्हणून ओळखला जाणारा समाजशास्त्र विषय त्या काळी पुरुषांनी भरलेला होता.

हा सारा इतिहास घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातील भांडुपसारख्या उपनगरात येऊन पोचतो तेव्हा त्याला जागेचे, पैशाचे आणि अंतराचे रूप येते. लालबहादूर शास्त्री मार्गावरील सिएट, एशियन पेंट्स, जीकेडब्ल्यू अशा कारखान्यांच्या आधाराने भांडुपची कामगार वस्ती वाढली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि सातारा या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे पश्चिमेच्या डोंगरउतारावर टेंभीपाडा, तुळशेतपाडा, खिंडीपाडा, हनुमान नगर अशा वस्त्यांत स्थिरावली. या घरांत मुलगा दहावी-बारावी झाला की त्याच्यापुढे आयटीआय, पदविका, कॉमर्स किंवा थेट नोकरी असे पर्याय ठेवले जातात, कारण त्याची कमाई घराला लवकर हवी असते. मुलीच्या बाबतीत अपेक्षा वेगळी असते: शिक्षण कमी खर्चात व्हावे, घराजवळ व्हावे, घरकामाला वेळ उरावा आणि पदवी हाती यावी. अनुदानित महाविद्यालयातील बी.ए. या चारही अटी एकाच वेळी पूर्ण करते. याच महाविद्यालयांत या शतकाच्या आरंभाच्या सुमारास निघालेले जनसंवाद, व्यवस्थापन, लेखा व वित्त यांचे विनाअनुदानित अभ्यासक्रम बी.ए.पेक्षा कितीतरी महाग आहेत; घरात एकाच अपत्यासाठी जास्त फी भरणे शक्य असेल तर ती कोणासाठी भरली जाते, याचे उत्तर प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे.

अंतराचे महत्त्व बाहेरून पाहणाऱ्याला सहसा कळत नाही. भांडुपमध्येच एनईएस रत्नम महाविद्यालय आहे. उत्तरेला नाहूरनंतर मुलुंडला १९८४ मध्ये सुरू झालेले वझे महाविद्यालय आहे. दक्षिणेला कांजूरमार्ग आणि विक्रोळी ओलांडले की घाटकोपरला रामनिरंजन झुनझुनवाला महाविद्यालय आणि महिला विद्यापीठाशी संलग्न पी. एन. दोशी महिला महाविद्यालय, त्याच्या पुढे विद्याविहारला सोमैया. नकाशावर ही सारी ठिकाणे हाताच्या अंतरावर आहेत. पण डोंगरावरच्या वस्तीतून स्थानकापर्यंत शेअर रिक्षा, मग सकाळच्या गर्दीतील लोकल आणि परतताना पुन्हा तोच प्रवास, हा हिशेब घरचे लोक मुलीसाठी करतात तेव्हा एकेका स्थानकाचे वजन वाढते. दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या निवडीचा अभ्यास करून अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी दाखवले आहे, की येण्याजाण्याचा रस्ता सुरक्षित वाटावा यासाठी मुली चांगले महाविद्यालय सोडून खालच्या दर्जाचे स्वीकारतात, आणि मुलांना अशी किंमत जवळजवळ मोजावी लागत नाही. महाविद्यालय असे निवडले गेले की विषयही निवडला गेल्यासारखाच असतो, कारण प्रत्येक महाविद्यालय प्रत्येक विषय शिकवत नाही. मानसशास्त्राच्या जागा मर्यादित, भूगोलाला प्रात्यक्षिकाची सोय हवी, तत्त्वज्ञान तर फार थोड्या ठिकाणी. ज्या मुलीला घरापासून एक स्थानक पुढे जाण्याची परवानगी नाही, तिच्यापुढे आठ विषयांऐवजी तीन-चारच उरतात.

यात महाविद्यालयाच्या कारभाराचाही भाग आहे. शिक्षकांची पदे कार्यभारावर, म्हणजे आठवड्याला किती तासिका शिकवायच्या यावर ठरतात. एखाद्या विषयाला विद्यार्थी कमी आले की कार्यभार घटतो, रिक्त झालेले पद भरले जात नाही, तासिका तत्त्वावर कोणीतरी येऊन शिकवतो आणि काही वर्षांत तो विषय बंद पडतो. उपनगरी महाविद्यालयांत हे तत्त्वज्ञानाचे आणि छोट्या भाषांचे झाले. जेथे मुली बहुसंख्य आहेत तेथे विषय बंद पडण्याचा फटकाही त्यांनाच अधिक बसतो; मुलगा घराजवळच्या महाविद्यालयाऐवजी चर्चगेटला जाऊ शकतो, मुलीला उरलेल्या विषयांतून निवडावे लागते.

बारावीच्या निकालांकडे पाहिले तर मुलींच्या अभ्यासूपणाबद्दल शंका घेण्यास जागाच नाही. राज्य मंडळाच्या २०२५ च्या परीक्षेत मुलींचा निकाल ९४.५८ टक्के आणि मुलांचा ८९.५१ टक्के लागला आणि हे अंतर दरवर्षीचेच आहे. त्याच वर्षी विज्ञान शाखेचा निकाल ९७.३५, वाणिज्य शाखेचा ९२.६८ आणि कला शाखेचा ८०.५२ टक्के होता. म्हणजे कला शाखेतील जवळजवळ प्रत्येक पाचवा विद्यार्थी त्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाला. कला शाखेत पाठवताना मुलांकडून अपेक्षाच ठेवली जात नसल्याने त्यांतील अनेक जण मनापासून शिकत नाहीत आणि बी.ए.च्या वर्गापर्यंत पोचेतो मुलींचे प्रमाण आणखी वाढते. साहित्याची खरी ओढ असलेला मुलगा घरच्या दडपणापोटी कॉमर्सला बसतो, हेही नुकसानच आहे. मराठी आणि इतर भाषांच्या वर्गांतून मुलगे नाहीसे होणे ही मुलींची जीत मानण्याचे कारण नाही.

पदवीनंतर काय होते, यावर या साऱ्या चर्चेचा कस लागतो. २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील पीएच.डी.च्या सुमारे २.१२ लाख विद्यार्थ्यांपैकी ०.९९ लाख स्त्रिया होत्या, पण उच्च शिक्षणातील १५.९८ लाख शिक्षकांत त्यांचा वाटा ४३.४ टक्के होता आणि वरच्या पदांवर तो आणखी खाली येतो. सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये शहरी भागातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रिया २८ टक्के होत्या. विद्यापीठात आलेली समता नोकरीच्या दारातच अशी ओसरते. कला शाखेतील मुलीसाठी सर्वांत ओळखीची वाट म्हणजे बी.एड. करून शिक्षिका होणे, पण बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, शिक्षक भरती वर्षानुवर्षे रखडली आणि खासगी शाळांतील तुटपुंज्या पगारावर अनेकींना समाधान मानावे लागले. साहित्याच्या क्षेत्रातही वर्ग आणि व्यासपीठ यांतील दरी उघड आहे. मराठी साहित्याच्या वर्गांत मुली कित्येक दशके बहुसंख्य असताना २०२५ पर्यंतच्या ९८ अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनांचे अध्यक्षपद केवळ सहा स्त्रियांकडे आले: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर.

धोरणाने चित्र बदलते, हे भांडुपच्या शेजारीच पाहायला मिळते. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आणि तिच्या भगिनी संस्थांत मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत अडकले होते; २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण केल्यावर दोन-तीन वर्षांत ते वीस टक्क्यांपर्यंत गेले. मुलींची आवड दोन वर्षांत बदलली नव्हती, दार रुंद झाले होते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हा निर्णय स्वागतार्ह आहे आणि ज्या मुली केवळ स्वस्त म्हणून बी.ए.कडे येत होत्या त्यांच्यापुढे त्यामुळे दुसरी वाट खुली झाली आहे. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा होऊ नये, की हुशार मुली व्यावसायिक शिक्षणाकडे वळाव्यात आणि कला शाखा दोघांसाठीही नाइलाजाची शाखा बनावी. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मुख्य आणि दुय्यम विषयांची रचना आली आहे. मराठी मुख्य विषय घेणारी मुलगी अर्थशास्त्र हा दुय्यम विषय घेऊ शकली तर विषयांची जुनी वाटणी सैल होईल, मात्र त्यासाठी तो दुय्यम विषय तिच्याच महाविद्यालयात आणि तिच्या वेळापत्रकात बसेल अशा तासिकेला शिकवला गेला पाहिजे.

प्रत्येक महाविद्यालय दरवर्षी उच्च शिक्षण सर्वेक्षणासाठी आपल्या विद्यार्थ्यांची लिंगनिहाय माहिती भरते, म्हणजे नोंदवह्या तयार आहेत. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील महाविद्यालयांनी बी.ए.च्या प्रत्येक विषयात किती मुली व किती मुलगे आले, त्यांतील किती अंतिम वर्षापर्यंत पोचले आणि पदवीनंतर काय करू लागले, एवढी तीन माहितीपत्रके दरवर्षी जाहीर केली, तर पालकांना शाखेच्या नावापेक्षा अधिक ठोस काही हाती लागेल आणि विषय बंद करण्याचे निर्णयही उघड्यावर येतील. पालकांसाठीही एक काम आहे: प्रवेशाच्या वेळी मुलीला ‘कोणते कॉलेज जवळ पडेल’ हे विचारण्याआधी ‘तुला कोणता विषय शिकायचा आहे’ हे विचारावे, आणि तो विषय दोन स्थानके पुढच्या महाविद्यालयात मिळत असेल तर तिला तेवढे दूर जाऊ द्यावे.